दाह एका अवयवाचा, वेदना दुसऱ्याची

वारंवार लघवीची घाई होणे, मूत्राशय थोडे भरताच ओटीपोटात दुखू लागणे आणि लघवीच्या तपासणीत मात्र जंतुसंसर्गाचा मागमूस न सापडणे, अशी तक्रार घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींना पोट बिघडण्याचा, पाळीच्या दिवसांत असह्य दुखण्याचा किंवा शौचाच्या वेळी कळ येण्याचा जुना त्रासही असतो, ही गोष्ट वैद्यकाला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. आतड्याची रचना तपासणीत निर्दोष दिसत असतानाही पोटदुखी आणि शौचाची अनियमितता टिकून राहणारा विकार, ज्याला डॉक्टर ‘आयबीएस’ म्हणतात; संसर्गाशिवाय मूत्राशयात होणारी दीर्घकालीन वेदना; गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा विकार; आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या परिसरात रेंगाळणारे दुखणे, या विकारांपैकी दोन किंवा अधिक एकाच व्यक्तीत आढळण्याचे प्रमाण निव्वळ योगायोगाने जेवढे असावे त्याहून पुष्कळ जास्त आहे.

या सहवासाचे दोन अर्थ पूर्वी लावले जात. एक असा, की प्रत्येक अवयवात स्वतंत्र रोग असून तो त्या त्या तज्ज्ञाने शोधून काढावा. दुसरा असा, की दुखणे मुळात मनाचे असून रुग्ण त्याचे ठिकाण बदलत राहतो, आणि विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हा दुसरा अर्थ फार सहजपणे स्वीकारला गेला. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांतील संशोधनाने तिसरा अर्थ पुढे आणला. एका अवयवातील दाहामुळे त्या अवयवाचे चेतातंतू उत्तेजित होतात आणि ही उत्तेजितता शेजारच्या, स्वतः निरोगी असलेल्या अवयवाच्या चेतातंतूंपर्यंत पोचते, इतकी की त्या अवयवाचे रोजचे, एरवी जाणवतही नसलेले काम वेदनादायक होऊन बसते, असा हा अर्थ आहे. या प्रक्रियेला आंतरअवयवी संवेदनवृद्धी म्हणता येईल. ती समजली, की दुखण्याची जागा आणि दुखण्याचे कारण ही दोन वेगळ्या ठिकाणी असू शकतात, इतकेच नव्हे तर अवयव बरा झाल्यानंतरही चेतासंस्था आजारी राहू शकते, हे ध्यानात येते.

एकाच मुळातून आलेले अवयव

कमरेच्या हाडांच्या खोलगट कड्यात, म्हणजे श्रोणीत, मूत्राशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग व गुदाशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय, बीजकोश व योनिमार्ग आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी असे अवयव एकमेकांना खेटून बसलेले असतात. ही जवळीक केवळ जागेच्या टंचाईतून आलेली नाही. गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत मलमार्ग आणि मूत्रमार्ग यांची एकच सामायिक पोकळी असते, जिला क्लोअका म्हणतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास मधून एक पडदा उतरतो आणि पुढे मूत्राशय, मागे गुदाशय अशी तिची विभागणी होते. गर्भाशय ज्या नलिकांपासून घडते त्या नलिकाही वाढता वाढता याच भागाला येऊन मिळतात. पोकळी विभागली गेली तरी तिला मिळालेला चेतातंतूंचा पुरवठा पुढेही बराचसा सामायिकच राहतो.

या पुरवठ्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला अधोजठरीय चेतेचा, ज्यातील तंतू मेरुरज्जूच्या छातीकडील शेवटच्या आणि कमरेकडील पहिल्या काही खंडांशी जोडलेले असतात. दुसरा श्रोणिचेतेचा, जो त्रिकास्थीच्या पातळीवरील दुसऱ्या ते चौथ्या खंडांशी जोडलेला असतो. आणि तिसरा त्याच खंडांतून निघणाऱ्या पुडेंडल चेतेचा, जी श्रोणीच्या तळाचे स्नायू, बाह्य जननेंद्रिये आणि गुदद्वार यांची संवेदना वाहून नेते. पहिल्या दोन मार्गांचे तंतू अवयवांजवळ एका गुंतागुंतीच्या जाळ्यात एकत्र येतात आणि तेथून प्रत्येक अवयवाकडे फाटे फुटतात. त्यामुळे मूत्राशयाची आणि गुदाशयाची खबर शेवटी मेरुरज्जूच्या त्याच त्या खंडांपर्यंत पोचते.

निरोगी शरीरात या सामायिक व्यवस्थेचा मोठा उपयोग असतो, कारण लघवी, शौच, संभोग आणि प्रसूती या क्रिया एकमेकींच्या आड येऊन चालत नाही. गुदाशय भरून ताणला गेला असता मूत्राशयाचे आकुंचन दबले जाते, हे या समन्वयाचे एक साधे उदाहरण आहे. अवयवांमधील हा संवाद जन्मजात आहे. रोगात त्याचा आवाज वाढतो आणि तो थांबायचे विसरतो.

आतून येणाऱ्या जाणिवेची रीत

बोटाला काटा टोचला तर त्याची जागा मिलिमीटरच्या अचूकतेने सांगता येते, पण पोटात कळ आली तर ती नेमकी कोठे आहे हे सांगताना हात सगळ्या पोटावरून फिरतो. याचे कारण अंतर्गत अवयवांच्या संवेदी तंतूंच्या संख्येत आणि मांडणीत आहे. मेरुरज्जूत शिरणाऱ्या सर्व संवेदी तंतूंपैकी अवयवांकडून येणारे तंतू 10 टक्क्यांहून कमी असतात, मात्र त्यांतील प्रत्येक तंतू मेरुरज्जूत शिरल्यावर अनेक खंडांत आणि दोन्ही बाजूंना फाटे पसरतो. संख्या थोडी आणि फैलाव मोठा असल्यामुळे जाणीव पसरट व अस्पष्ट होते. शिवाय मेरुरज्जूतील ज्या चेतापेशी अवयवाचा संदेश घेतात त्यांच्याकडे त्वचेचे आणि स्नायूंचे संदेशही येत असतात, म्हणून हृदयाचे दुखणे डाव्या हातात आणि मूतखड्याचे दुखणे जांघेत जाणवते.

ब्रिटिश वैद्य हेन्री हेड यांनी 1893 मध्ये अंतर्गत रोगांत त्वचेचे कोणते पट्टे हळवे होतात याचे नकाशे प्रसिद्ध केले, आणि त्याच सुमारास स्कॉटलंडचे जेम्स मॅकेन्झी यांनी असे मांडले की आजारी अवयवाकडून सतत येणाऱ्या संदेशांमुळे मेरुरज्जूत एक क्षुब्ध केंद्र तयार होते आणि मग तेथे येणारे साधे संदेशही वेदनेचे रूप घेतात. त्या काळी या विधानाला पेशींच्या पातळीवरचा पुरावा नव्हता. तो पुढे 1983 मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांच्या प्रयोगांतून मिळू लागला, ज्यांत इजा झाल्यानंतर मेरुरज्जूतील चेतापेशींचाच प्रतिसाद वाढतो आणि तो इजेच्या जागेपलीकडे पसरतो, असे दिसून आले. चेतासंस्थेच्या या मध्यवर्ती बदलाला मध्यवर्ती संवेदनवृद्धी म्हणतात आणि आंतरअवयवी वेदनेचे बरेचसे स्पष्टीकरण तिच्यावर उभे आहे.

दाहाचा चेतातंतूंवर होणारा परिणाम

दाह म्हणजे जंतू, रसायन किंवा इजा यांना ऊतीने दिलेला संरक्षक प्रतिसाद, ज्यात रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पांढऱ्या पेशी जमतात आणि अनेक रसायने ऊतीत सोडली जातात. ही रसायने संवेदी तंतूंच्या टोकांवरील प्रथिनांवर काम करतात. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रथिन टीआरपीव्ही-1 हे आहे. मिरचीतील तिखट द्रव्य आणि सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता यांना ते प्रतिसाद देते, आणि दाहातील आम्लता व इतर द्रव्ये त्याला अधिक हळवे करतात. 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने त्याचा जनुक शोधला आणि 2021 चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासह मिळाले. पाटापूटियन यांच्या गटाने शोधलेल्या पिएझो प्रथिनांपैकी एक, पिएझो-2, मूत्राशय भरल्याची जाणीव होण्यास आवश्यक असल्याचे पुढे सिद्ध झाले.

दाहात वाढणारे दुसरे महत्त्वाचे द्रव्य चेतावर्धक घटक हे होय. ते शोधून काढल्याबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह 1986 चे नोबेल मिळाले होते. हे द्रव्य संवेदी तंतूत शिरून तंतूच्या कण्याकडच्या टोकाशी असलेल्या मूळ पेशीपर्यंत प्रवास करते आणि तेथे जनुकांचे काम बदलते, त्यामुळे विद्युतसंदेश उठवणाऱ्या सोडियम मार्गिकांसारखी प्रथिने अधिक प्रमाणात तयार होतात व पेशी थोड्याशा कारणानेही संदेश पाठवू लागते. अवयवांमध्ये असे काही तंतूही असतात जे निरोगी अवस्थेत कितीही ताण दिला तरी मूकच राहतात आणि दाह झाल्यावर प्रथमच बोलू लागतात. परिणामी त्याच अवयवाकडून येणारे संदेश संख्येने आणि तीव्रतेने वाढतात.

संवेदी तंतू केवळ संदेश आत नेत नाहीत, तर आपल्या टोकांतून ऊतीत रसायनेही सोडतात, ही बाब या विषयात निर्णायक ठरते. 1931 मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी शोधलेले सबस्टन्स-पी हे त्यांपैकी एक. ते सुटले की आसपासच्या रक्तवाहिन्या फुगून पाझरतात आणि मास्ट पेशी, म्हणजे हिस्टामिनसारखी दाहक द्रव्ये साठवून ठेवणाऱ्या संरक्षक पेशी, ती द्रव्ये मोकळी करतात. अशा रीतीने चेतातंतू स्वतःच दाह निर्माण करू शकतात, आणि ज्या अवयवाला कोणताही जंतू किंवा इजा शिवलेली नाही त्या अवयवातही.

संदेश ओलांडण्याच्या तीन जागा

एका अवयवाची उत्तेजितता दुसऱ्यापर्यंत पोचण्याचे तीन मार्ग संशोधकांनी ओळखले आहेत, आणि ते परस्परांना वगळणारे नसून बहुधा एकाच वेळी कार्यरत असतात. पहिला मार्ग मेरुरज्जूच्या बाहेर आहे. संवेदी चेतापेशींची मूळ शरीरे मेरुरज्जूच्या बाजूला असलेल्या लहान गाठींमध्ये, म्हणजे पृष्ठमूळ गंडिकांमध्ये असतात. प्राण्यांच्या मूत्राशयात एका रंगाचे आणि मोठ्या आतड्यात दुसऱ्या रंगाचे चमकणारे द्रव्य टोचून काही दिवसांनी या गंडिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा काही थोड्या पेशींत दोन्ही रंग सापडले. याचा अर्थ, त्या एकाच पेशीचा तंतू दुभागून एक फाटा मूत्राशयाकडे आणि दुसरा आतड्याकडे गेला होता. आतड्याकडच्या फाट्यातून आलेला विद्युतसंदेश दुभागणीच्या जागी पोचला, की तो मूत्राशयाकडच्या फाट्यात उलट दिशेनेही उतरू शकतो आणि तेथे सबस्टन्स-पीसारखी द्रव्ये सोडू शकतो.

दुसरा मार्ग मेरुरज्जूत आहे आणि तो अधिक महत्त्वाचा मानला जातो. मेरुरज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे संवेदी संदेश उतरवून घेणाऱ्या भागात, अशा अनेक चेतापेशी आहेत ज्यांच्याकडे आतड्याचे, मूत्राशयाचे, गर्भाशयाचे आणि त्वचेचे तंतू एकत्र येतात. एकाच सजेत दोन गावे असलेल्या तलाठ्याकडे एका गावातून तक्रारींचा भडिमार सुरू झाला, की दुसऱ्या गावचा साधा अर्जही त्याला तातडीचा वाटू लागतो, तशी या पेशींची अवस्था होते: आतड्याच्या सततच्या संदेशांनी त्या एकदा उत्तेजित झाल्या, की मूत्राशय भरल्याचा नेहमीचा संदेशही त्या वेदना म्हणून पुढे पाठवतात. याशिवाय मेरुरज्जूतील उत्तेजना संवेदी तंतूंतून उलटी बाहेर जाऊन दुसऱ्या अवयवाच्या टोकांशी दाहक द्रव्ये सोडू शकते, त्यामुळे मध्यवर्ती बदल आणि अवयवातील बदल यांचे एक चक्र तयार होते.

तिसरा मार्ग मेंदूच्या देठात आहे. फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी 1925 मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून लघवीचे नियंत्रण करणारे एक केंद्र तेथे दाखवून दिले, ज्याला पुढे त्यांचेच नाव पडले. नंतरच्या संशोधनात असे आढळले की या केंद्रातील अनेक चेतापेशी मूत्राशय आणि मोठे आतडे या दोन्हींच्या ताणाला प्रतिसाद देतात व दोन्हींच्या कामावर नियंत्रण ठेवतात. याच केंद्रातील पेशींत तणावाच्या प्रतिसादाचे प्रमुख रसायन, कॉर्टिकोट्रॉपिन मुक्त करणारा घटक, तयार होते. मानसिक ताणाच्या काळात लघवीची घाई आणि पोट बिघडणे ही दोन्ही एकदम का वाढतात, याला येथे शारीरिक आधार मिळतो. दुखणे मनाचे आहे की शरीराचे, हा प्रश्न या केंद्राच्या पातळीवर अर्थ गमावतो, कारण दोन्हींचे तंतू तेथे त्याच पेशींवर येऊन मिळालेले असतात.

प्रयोगशाळेतील पुरावा

या कल्पनेची निर्णायक कसोटी 2005 मध्ये पिट्सबर्ग येथे मायकेल पेझोन आणि सहकाऱ्यांनी लावली. त्यांनी उंदरांच्या मोठ्या आतड्यात रसायनाने दाह निर्माण केला, तेव्हा मूत्राशयाला हातही न लावता मूत्राशयाची आकुंचने नेहमीपेक्षा लवकर लवकर होऊ लागली. मग त्यांनी उलट दिशेने प्रयोग केला: मूत्राशयाच्या अस्तराला क्षोभ पोचवला, तेव्हा आतड्यात फुगवलेल्या फुग्याचा जेवढा दाब पूर्वी सहज सोसला जात होता तेवढ्यापेक्षा कमी दाबाला उंदरांच्या पोटाचे स्नायू आखडून प्रतिसाद देऊ लागले. परिणाम दोन्ही दिशांनी जात होता, यावरून ही एखाद्या अवयवाची खोड नसून श्रोणीच्या चेताव्यवस्थेचाच गुणधर्म आहे, हे स्पष्ट झाले.

त्यानंतरच्या प्रयोगांनी तपशील भरले. 2006 मध्ये अ‍ॅना मालिखिना आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उंदरांच्या आतड्यात दाह असताना, मूत्राशयाला संवेदना पुरवणाऱ्या चेतापेशींतील सोडियमचा प्रवाह वाढतो, म्हणजे त्या पेशी अधिक सहज पेटतात. श्रोणिचेतेतील एकेका तंतूची नोंद घेणाऱ्या दुसऱ्या प्रयोगांत, आतड्याचा क्षोभ झाल्यावर मूत्राशयाचे तंतू ताणालाही आणि मिरचीच्या द्रव्यालाही जास्त प्रतिसाद देत असल्याचे आढळले, आणि मूत्राशयाच्या भिंतीतील मास्ट पेशींची संख्याही वाढलेली दिसली.

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात कॅरेन बर्कली यांच्या गटाने या चित्रात गर्भाशयाची भर घातली. रक्तात सोडलेला निळा रंग कोणत्या अवयवात किती पाझरतो, हे मोजून त्यांनी एका अवयवातील दाहाचा दुसऱ्या अवयवातील रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम तपासला आणि आतडे, गर्भाशय व मूत्राशय यांच्यात असे परिणाम घडतात हे दाखवले. अधोजठरीय चेता कापल्यावर यांतील अनेक परिणाम नाहीसे झाले, म्हणजे ते रक्तातून पसरणाऱ्या रसायनांमुळे नव्हे तर चेतामार्गाने घडत होते. परिणामांची तीव्रता मादीच्या प्रजननचक्राच्या अवस्थेनुसार बदलत होती, ही नोंदही महत्त्वाची आहे, कारण स्त्रियांतही मूत्राशयाच्या आणि आतड्याच्या तक्रारी पाळीच्या आसपास वाढतात, याला ती जुळते.

सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे ल्यूक ग्रंडी, स्टुअर्ट ब्रायर्ली आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या आतड्यातील दाह पूर्ण निवळू दिला आणि मग मूत्राशय तपासले. आतड्याचे अस्तर भरून आले होते, पण मूत्राशयाचे चेतातंतू अजून हळवेच होते आणि लघवीचे वेळापत्रक बिघडलेलेच होते. त्यानंतर त्यांनी उंदरांना लिनाक्लोटाइड हे औषध दिले, जे बद्धकोष्ठतेसह येणाऱ्या आयबीएसवर 2012 पासून अमेरिकेत वापरात आहे आणि जे आतड्याच्या अस्तरावरच काम करते, रक्तात जवळजवळ उतरत नाही. तरीही मूत्राशयाचे काम सुधारले. आतड्याला शांत केल्याने मूत्राशय शांत झाले, आणि तेही आतड्यात दिसण्याजोगा रोग उरलेला नसताना.

रुग्णांमध्ये दिसणारे चित्र

उंदरांच्या प्रयोगांवरून माणसांबद्दल थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, कारण प्रयोगातील दाह तीव्र, एकाच वेळी आणि एकाच कारणाने झालेला असतो, तर माणसाचा त्रास वर्षानुवर्षे चाललेला आणि अनेक कारणांनी बनलेला असतो. म्हणून इटलीतील किएती येथे मारिया अ‍ॅडेले जियाम्बेरार्दिनो यांनी रुग्णांवर केलेल्या निरीक्षणांना वेगळे मोल आहे. त्यांनी सहकाऱ्यांसह 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेदनादायक पाळी आणि आयबीएस, पाळीचे दुखणे आणि मूतखडा, अशा दुहेरी विकारांच्या रुग्णांची तुलना एकच विकार असलेल्यांशी केली, तेव्हा दुहेरी विकारवाल्यांना प्रत्येक विकाराची वेदना एकट्या विकारापेक्षा अधिक होत असल्याचे आढळले. त्यांपैकी एका विकारावर परिणामकारक उपचार झाला, उदाहरणार्थ पाळीच्या दुखण्यावर संप्रेरके दिली, खडा आघाततरंगांनी फोडला किंवा एंडोमेट्रिओसिसच्या गाठी लेझरने काढल्या, तेव्हा दुसऱ्या, उपचार न केलेल्या विकाराच्या तक्रारीही कमी झाल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे 10 टक्के, म्हणजे जवळपास 19 कोटी स्त्रिया व मुलींना एंडोमेट्रिओसिस असतो, हे लक्षात घेतले तर या प्रश्नाचा आवाका कळतो. एंडोमेट्रिओसिसच्या गाठींचा आकार आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसत नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना दीर्घकाळ कोड्यात टाकणारे निरीक्षण चेतासंस्थेच्या बाजूने पाहिले तर समजू लागते, कारण वेदना गाठीने व्यापलेल्या जागेवर नव्हे, तर त्या जागेने चेतापेशींत घडवलेल्या बदलावर अवलंबून असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2008 मध्ये सुरू केलेल्या ‘मॅप’ या संशोधनजाळ्याने मूत्राशयाची आणि प्रोस्टेट परिसरातील वेदना एकत्र अभ्यासायचे ठरवले, आणि अशा रुग्णांमध्ये काहींची वेदना श्रोणीपुरती राहते तर काहींची शरीराच्या इतर भागांतही पसरलेली असते, हा भेद उपचारासाठी महत्त्वाचा ठरवला.

मात्र अवयवांमधील प्रत्येक संबंधाला चेतामार्गाचे स्पष्टीकरण लावणे चूक ठरेल. बद्धकोष्ठता असलेल्या मुलांत कपडे ओले होणे आणि मूत्रसंसर्ग वारंवार दिसतो आणि पोट साफ होऊ लागले की हे त्रास बहुतेकदा आटोक्यात येतात. येथे गच्च भरलेल्या गुदाशयाचा मूत्राशयावर पडणारा दाब आणि श्रोणितळाच्या स्नायूंची आखडलेली सवय यांचाही मोठा वाटा असतो. त्याचप्रमाणे लघवीतून रक्त जाणे, शौचातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे, ताप, किंवा पाळी थांबल्यानंतर होणारा रक्तस्राव ही लक्षणे असतील, तर अवयवातील प्रत्यक्ष रोग शोधणे हेच पहिले कर्तव्य असते. संवेदनवृद्धी हे निदान त्या तपासण्यांनंतर येते, त्यांच्या ऐवजी येत नाही.

उपचारांची दिशा

यंत्रणा समजली म्हणून औषध लगेच हाती लागत नाही, हे गेल्या दशकाने दाखवून दिले आहे. चेतावर्धक घटकाला अडवणारे टॅनेझुमॅब हे प्रतिपिंड तर्काने अगदी नेमके होते, मात्र काही रुग्णांमध्ये सांधे वेगाने झिजल्याचे आढळल्याने त्याचा विकास 2021 मध्ये थांबवण्यात आला. चेतासंस्थेची उत्तेजितता कमी करणारे गॅबापेंटिन हे औषध श्रोणिवेदनेसाठी बराच काळ दिले जात होते. ब्रिटनमध्ये दुर्बिणीच्या तपासणीत कोणतेही कारण न सापडलेल्या 306 स्त्रियांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष 2020 मध्ये आला, तेव्हा ते बनावट गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि दुष्परिणाम मात्र अधिक आढळले. चेतापेशींचा बदल हे एकच कुलूप असून त्याला एकच किल्ली लागेल, ही अपेक्षा त्यामुळे मागे पडली.

प्रत्यक्षात उपयोगी पडणारी रीत अधिक साधी आणि अधिक चिकाटीची आहे. ज्या अवयवांकडून क्षोभाचे संदेश येत आहेत ते सर्व शोधून, ज्यावर उपचार शक्य आहे त्यावर आधी करायचा: बद्धकोष्ठता दूर करायची, पाळीचे दुखणे वेळीच आवरायचे, खरोखर असलेला मूत्रसंसर्ग पूर्ण बरा करायचा, पोटाला आणि मूत्राशयाला न मानवणारे पदार्थ ओळखायचे. दीर्घकाळ दुखणाऱ्या श्रोणीचे स्नायू संरक्षणासाठी आखडून राहतात आणि स्वतःच वेदनेचा नवा स्रोत बनतात, म्हणून श्रोणितळाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टकडून त्यांना सैल करायला शिकणे हा उपचाराचा एक मुख्य भाग मानला जातो. अल्प मात्रेतील अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी औषधे काही रुग्णांना दिली जातात, आणि झोप व तणाव यांवरील उपाय हे सांत्वन म्हणून नव्हे, तर मेंदूच्या देठातील नियंत्रणावर परिणाम करणारे उपचार म्हणून योजले जातात.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना हे ज्ञान विशेष महत्त्वाचे ठरते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण समोर आले आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. खाडा झाल्यास बुडणारी मजुरी, अंगावरून पाणी जाणे व ओटीपोटातील दुखणे यांसाठी सौम्य उपचारांचा अभाव आणि कर्करोगाची घातली गेलेली भीती अशी कारणे त्या वेळी चर्चेत आली, आणि तो प्रश्न मुख्यतः श्रम व आरोग्यसेवेच्या न्यायाचा आहे. परंतु त्यात एक शारीरिक गृहीतकही दडलेले आहे, की जो अवयव दुखतो तो काढला की दुखणे संपते. वेदना मेरुरज्जूच्या पातळीवर रुजलेली असेल, किंवा तिचा उगम शेजारच्या आतड्यात वा मूत्राशयात असेल, तर गर्भाशय गेल्यानंतरही ती राहू शकते, आणि तरुण वयात अवयव गमावल्याचे परिणाम मात्र कायमचे राहतात.

आजची वैद्यकीय व्यवस्था अवयवांनुसार विभागलेली आहे: मूत्राशयाचा तज्ज्ञ वेगळा, आतड्याचा वेगळा, गर्भाशयाचा वेगळा, आणि प्रत्येकाच्या केसपेपरवर आपापल्याच अवयवाची नोंद होते. श्रोणीच्या चेतासंस्थेत मात्र ही विभागणी नाही. त्यामुळे मूत्ररोगतज्ज्ञाने पाळीबद्दल व शौचाबद्दल विचारणे, स्त्रीरोगतज्ज्ञाने लघवीच्या घाईची चौकशी करणे आणि रुग्णाने ‘हे यांच्या विभागाचे नाही’ असे समजून काही तक्रारी गाळून न टाकणे, हा या संशोधनातून निघणारा सर्वांत स्वस्त आणि लगेच अमलात आणता येणारा बदल आहे. एकाच व्यक्तीने अनेक अवयवांच्या तक्रारी सांगणे हे पूर्वी तिच्या अविश्वसनीयतेचे लक्षण मानले जात असे; आता तेच चेतासंस्थेतील एका ओळखता येण्याजोग्या बदलाचे लक्षण आहे आणि निदानाची सुरुवात तेथूनच करायला हवी.